उत्तरेची थंडी: जहाजानं जावं की जमिनीवरून?

नॉर्वे, आइसलँड, अलास्का किंवा फिनलंडचा वरचा भाग, यांपैकी कुठं तरी जायचं घरात ठरलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: क्रूझ घ्यायची का? मी परभणीत भूगोल शिकवायचे. निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी हे थंड प्रदेश फिरायला सुरुवात केली, त्यामुळं सेलू-जिंतूरपासून लातूरपर्यंतची ओळखीची माणसं विचारायला येतात. येताना बहुतेकांच्या हातात दोन पॅकेजांचे दर असतात आणि यातलं परवडणारं कोणतं, एवढंच त्यांना हवं असतं. मी ते कागद बाजूला ठेवायला सांगते आणि नकाशा पसरते. पैशांचं गणित करायचंच आहे, पण शेवटी. आधी हे बघायचं, की तुम्हाला जे डोळ्यांनी पाहायचंय तिथं रस्ता जातो का.

अलास्काचा आग्नेय किनारा घ्या. जूनो ही राज्याची राजधानी, पण बाहेरून तिथं मोटारीनं पोचताच येत नाही. विमानानं जा, नाहीतर पाण्यातून. गावाच्या पाठीशी बर्फाचे डोंगर आणि हिमनद्या, समोर समुद्र. रस्ता काढणार कुठून? तिथून पुढचं ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानही तसंच, बाहेरून रस्ता नाही. १७९४ साली जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेतली माणसं तिथं आली तेव्हा आज आहे ते आखात नव्हतंच, बर्फ जवळपास मुखापर्यंत होता. १९१६ पर्यंत तो सुमारे १०० किलोमीटर मागं सरकला. म्हणजे आज प्रवासी जहाज ज्या पाण्यावरून आत जातं ते पाणी अलीकडंच उघडं पडलेलं आहे. दिवसाला फक्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांना आत सोडतात आणि उद्यानाचे रेंजर जहाजावर येऊन सगळं समजावून सांगतात. भूगोलाच्या माणसाला याहून चांगला वर्ग मिळायचा नाही. म्हणून अलास्काची क्रूझ निवडताना एक गोष्ट नक्की विचारा: ग्लेशियर बे आहे का? सगळ्या जहाजांना तिथली परवानगी नसते, आणि जाहिरातीत हिमनदीचं चित्र असलं म्हणजे ग्लेशियर बे असेलच असं नाही.

स्वालबार (नॉर्वेच्या उत्तरेचा बेटसमूह) आणि ग्रीनलंड हेही पाण्याचेच प्रदेश. दोन्हीकडं एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला रस्ता नाही. स्वालबारमध्ये तर वस्तीबाहेर ध्रुवीय अस्वलं असतात, त्यामुळं हत्यारबंद मार्गदर्शकाशिवाय गाव सोडून जायचं नाही. तिथं जायचं तर लहान मोहीम-जहाज घ्या. २०२५ पासून तिथल्या संरक्षित भागांत २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजांना बंदी आहे. ही जहाजं महाग असतात, रबरी बोटीत चढ-उतार करावी लागते. पहिल्याच परदेश प्रवासाला मी हे कुणाला सुचवत नाही.

आता उलट बाजू. आइसलँडला जहाजानं प्रदक्षिणा घालता येते, पण मला ते पटत नाही. तिथलं जे पाहायचं, म्हणजे गुल्फॉसचा धबधबा, उकळत्या पाण्याचे फवारे, थिंगवेलिरची ती दरी जिथं उत्तर अमेरिका आणि युरेशिया या दोन भूपट्टांच्या ओढाताणीनं जमीन फाटत चाललीय, ते सगळं आत आहे. जहाज बंदराला लागतं, तिथून बसनं तास-दोन तास जायचं, घाईनं बघायचं आणि संध्याकाळच्या आत परत फिरायचं. उन्हाळ्यात १,३२२ किलोमीटरचा वर्तुळमार्ग देशाभोवती फिरतो, त्यानं सावकाश गेलात तर वाटेत हवं तिथं थांबता येतं. हिवाळ्यात मात्र स्वतः गाडी चालवू नका. वारा इतका असतो की उघडलेलं दार हातातून निसटून मोडतं, आणि असं नुकसान बऱ्याच वेळा भाड्याच्या गाडीच्या विम्यात बसत नाही. रेक्याविकमध्ये मुक्काम ठेवून रोजच्या बस-सहली घ्या. फिनलंडच्या लॅपलँडचा तर प्रश्नच नाही, त्याचा जवळपास सगळा भाग समुद्रापासून आत आहे. हेलसिंकीहून रात्रीची रेल्वे रोव्हानिएमीला जाते, ती घ्या.

राहिला नॉर्वे. इथं खरी निवड करावी लागते, कारण तिथं दोन्ही वाटा उत्तम आहेत.

नॉर्वेच्या किनाऱ्यावर दोन तऱ्हांची जहाजं चालतात आणि त्यांतला फरक आपल्याकडं फारसा कुणी सांगत नाही. एक म्हणजे तीन-चार हजार माणसांचं मोठं क्रूझ जहाज: नाटकघर, पोहण्याचा तलाव, दिवसभर जेवण, आणि आठवड्यात चार-पाच थांबे. दुसरं म्हणजे किनाऱ्यानं चालणारं टपाल जहाज. १८९३ साली रिचर्ड वित नावाच्या कप्तानानं ही सेवा सुरू केली, कारण उत्तरेकडच्या गावांना हिवाळ्यात टपाल आणि माल पोचवायला दुसरा भरवशाचा मार्ग नव्हता. आजही हुर्टिग्रुटेन आणि हाविला या दोन कंपन्यांची जहाजं बर्गनहून निघून ३४ बंदरं घेत रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसला जातात. जायला सहा रात्री, जाऊन-येऊन ११. त्यांत काहीशे प्रवासी असतात. मधल्या गावांत तिथलेच लोक चढतात-उतरतात, माल उतरतो, एखादी आजी पिशवी घेऊन पुढच्या बंदराला लेकीकडं निघालेली असते. काही थांबे पाऊण तासाचेही नसतात आणि काही मध्यरात्री येतात. ट्रॉन्डहाइम, ट्रॉम्सोसारख्या ठिकाणी मात्र काही तास मिळतात. गाणी-नाटकं नसतात. दिवसभर खिडकीशी बसून किनारा बघायचा आणि बेटांची नावं नकाशात शोधायची, हीच करमणूक. ज्याला यात आनंद आहे त्यानं हे जहाज घ्यावं. लेकरं बरोबर असतील आणि त्यांना सारखं काही तरी हवं असेल, तर मोठं जहाज बरं.

जमिनीवरची वाट म्हणजे ऑस्लो ते बर्गन रेल्वे. साधारण सात तास लागतात आणि वाटेत फिन्से स्थानकाशी गाडी १,२२२ मीटर उंचीवर असते. मे महिन्यातही तिथं बर्फ दिसतो. मिर्डालला उतरून फ्लोमची शाखा घेतलीत तर २० किलोमीटरमध्ये गाडी ८६६ मीटर खाली उतरते, थेट फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या, काठापर्यंत. वाटेत शोस धबधब्याजवळ ती थांबते, सगळे खाली उतरतात आणि तुषारांनी भिजून परत चढतात. फ्लोमहून गुडवांगेनपर्यंत दोन तासांची बोट आहे, ती नॅरोयफियॉर्डमधून जाते. हा फियॉर्ड २००५ पासून जागतिक वारसा आहे आणि काही ठिकाणी इतका अरुंद, की दोन्ही बाजूंचे डोंगरकडे बघायला मान मागं टाकावी लागते. जुन्या हिमनदीनं दरी कशी खोल कोरली आणि मग समुद्र आत कसा शिरला, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवलं. ते तिथं समोर उभं होतं तेव्हा मला बराच वेळ बोलता आलं नाही.

माझा सल्ला विचाराल तर नॉर्वेला दोन्ही जोडा. ऑस्लोहून रेल्वेनं फ्लोममार्गे बर्गन, तिथं एक-दोन दिवस, मग टपाल जहाजानं ट्रॉम्सोपर्यंत चार रात्री आणि तिथून विमानानं परत. चौथ्या दिवशी सकाळी जहाज आर्क्टिक वृत्त ओलांडतं. एका लहानशा बेटावर पृथ्वीगोलाची जाळीदार आकृती उभारलेली आहे, ती दिसली की सगळे डेकवर येतात. त्याच संध्याकाळी लोफोटेन बेटांचे सुळके. पूर्ण ११ रात्रींचा फेरा मी सुचवत नाही. परतीत जी बंदरं जाताना रात्री गेली ती दिवसा दिसतात हे खरं, पण तेवढ्या दिवसांत जमिनीवर खूप काही होतं.

पुणे-मुंबईच्या सहल कंपन्यांचं स्कँडिनेव्हियाचं पॅकेज घेणार असाल तर त्यात लिहिलेली क्रूझ कोणती, हे नीट वाचा. बहुतेक वेळा ती स्टॉकहोम-हेलसिंकी किंवा कोपनहेगन-ऑस्लो अशी एका रात्रीची फेरी असते. संध्याकाळी चढायचं, सकाळी उतरायचं, जहाजाच्या पोटात मोटारी आणि ट्रक. ती चांगली असते, मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च एकात भागतो. पण तिच्यात फियॉर्डची सफर नसते आणि हिमनदीही दिसत नाही. कोणत्या बंदरातून कोणत्या बंदरात, किती रात्री आणि उजेडात किती तास, हे तीन प्रश्न विचारले की सगळं कळतं.

आपलं कॅलेंडर आणि त्यांचं कॅलेंडर

शेती असलेल्या घराला सवड कधी मिळते? एक तर रब्बी घरात आल्यावर, मृगाच्या आधी. दुसरी, हरभरा-गव्हाच्या काढणीआधी, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. नवल वाटेल, पण या दोन्ही वेळा उत्तरेला जायला फार चांगल्या आहेत, आणि दोन्हींना उत्तर वेगवेगळं आहे.

मे महिन्यात पाण्याच्या वाटेनं जा. नॉर्वेत डोंगरावरचं बर्फ तेव्हा वितळत असतं, त्यामुळं धबधबे भरून वाहतात. हार्डांगर फियॉर्डच्या काठी सफरचंदाच्या बागा फुललेल्या असतात. उंचावरचे घाटरस्ते, ट्रोलस्टिगेनसारखे, मेअखेर किंवा जूनपर्यंत बर्फामुळं बंदच असतात, म्हणजे मोटारीनं फिरणाऱ्याची अडचण आणि बोटीत बसलेल्याची चंगळ. १७ मे हा त्यांचा राष्ट्रीय दिवस, १८१४ च्या राज्यघटनेचा; त्या दिवशी दुकानं बंद असतात, पण सगळं गाव पारंपरिक पोशाखात रस्त्यावर येतं आणि शाळेची लेकरं झेंडे घेऊन मिरवणुकीत चालतात. शिक्षक असाल तर हा दिवस चुकवू नका. २० मेनंतर ट्रॉम्सोला सूर्य मावळत नाही. ज्या महिन्यात इकडं विहिरींचा तळ दिसतो आणि लातूरला २०१६ मध्ये रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या महिन्यात तिकडं कड्याकड्यावरून पाणी कोसळताना बघून आमच्या ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शेतकरी माणसाला ते बघवतही नाही आणि तिथून हलवतही नाही.

फक्त गैरांगरचा फियॉर्ड बघायचाच असेल तर तारखा तपासून घ्या. टपाल जहाजं तिथं वर्षभर शिरत नाहीत. आणि नॅरोय, गैरांगर या वारसा फियॉर्डांत धूर सोडणाऱ्या जहाजांवर निर्बंध वाढत चाललेत. २०२६ पासून लहान प्रवासी जहाजांना तिथं शून्य उत्सर्जनाचा नियम आहे, मोठ्यांना २०३२ पासून. त्यामुळं जुन्या माहितीवर विसंबू नका, त्या वर्षीचं वेळापत्रक मागा.

अलास्कालाही मे चांगला. आग्नेय किनाऱ्यावर पावसाचा जोर पुढं उन्हाळा सरताना वाढतो, मेमध्ये तुलनेनं कमी असतो. क्रूझ संपल्यावर डेनाली राष्ट्रीय उद्यानाला जायचं असेल तर तिथल्या बस साधारण २० मेपासून सुरू होतात, त्या हिशोबानं तारीख धरा. उद्यानात खासगी गाडीनं सुरुवातीच्या १५ मैलांपुढं जाता येत नाही. बसच घ्यावी लागते. तिथलं ६,१९० मीटरचं शिखर ढगांत लपलेलं असण्याचीच शक्यता जास्त, म्हणून तिथं एकापेक्षा जास्त रात्री ठेवा.

फेब्रुवारीत मात्र जमिनीवर राहा. या दिवसांत माणसं जातात ती अरोरासाठी, म्हणजे रात्रीच्या आकाशातल्या रंगीत ध्रुवीय प्रकाशासाठी, आणि अरोराला ढग आडवे येतात. ट्रॉम्सोच्या किनाऱ्यावर ढग असले तर तिथले वाटाडे गाडी घेऊन आत, फिनलंडच्या सीमेकडं निघतात आणि मोकळं आकाश शोधून काढतात. जहाजाला अशी बगल देता येत नाही; त्याला ठरलेल्या वेळी ठरलेल्या बंदरात पोचायचं असतं. शिवाय डेक हलतो, त्यामुळं कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी ठेवून काढायचे फोटो फिसकटतात. जहाजाचा एक मोठा फायदा सांगायलाच हवा: प्रकाश दिसला की केबिनमध्ये घोषणा होते आणि तुम्ही दोन मिनिटांत वर येता. ज्यांना रात्रभर बर्फात उभं राहणं झेपणार नाही त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे.

फक्त अरोराच हवा असेल तर मी स्वीडनमधलं आबिस्को सांगते. मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे, तसंच आबिस्को स्कँडिनेव्हियाच्या डोंगररांगेच्या पर्जन्यछायेत आहे. अटलांटिकवरून येणारे ढग नॉर्वेच्या बाजूला रिकामे होतात आणि आबिस्कोवर आकाश पुष्कळदा मोकळं राहतं. जी गोष्ट आपल्याला पावसासाठी नडते तीच तिथं उपयोगाला येते. एकाच जागी निदान चार रात्री राहा. रोज गाव बदलत फिरणाऱ्याचं आकाश कधी उघडेल ते सांगता येत नाही.

थंडी किती, आणि कसली

परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर येतो, तेव्हा आपण शेकोटी सोडत नाही. मग उणे तापमानाचं काय, ही भीती रास्त आहे. पण उत्तरेत किनारा आणि अंतर्भाग यांत फार फरक पडतो. अटलांटिकचा उबदार प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याला येऊन लागतो, म्हणून आर्क्टिक वृत्ताच्या वर असूनही ती बंदरं हिवाळ्यात गोठत नाहीत. ट्रॉम्सोला फेब्रुवारीत उणे चार-पाचच्या आसपास असतं. तेच किरुना-आबिस्कोकडं किंवा लॅपलँडला गेलात तर उणे २० आणि त्याखालीही जातं. म्हणजे अंशांत मोजलं तर जमिनीवरची थंडी मोठी. अंगाला मात्र जहाजाच्या डेकवरची जास्त झोंबते, कारण तिथं वारा आणि दमट हवा असते.

कपडे दोन्हीकडं तेच: आत लोकरीचा पातळ थर, मध्ये उबदार, वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. आतून सुती बनियन नको; घाम आला की ते ओलं राहतं आणि गारठवतं. जमिनीवर फेब्रुवारीत एक वस्तू जास्तीची लागते, बुटाच्या तळाला बाहेरून चढवायचे खिळ्यांचे पट्टे. तिथल्या दुकानांत सहज मिळतात. पहिल्याच दिवशी घ्या. ट्रॉम्सोच्या फुटपाथवर बर्फ काचेसारखं घट्ट झालेलं असतं आणि साठीनंतर पडणं परवडत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते आतल्या खिशात, अंगाशी ठेवावं. बाहेरच्या पिशवीत गोठलं तर वाया जातं.

गुडघे आणि पोट

आमच्या थोरल्या जाऊबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, गुडघ्यांमुळं प्रवासच नको म्हणायच्या. त्यात मांजरसुंब्याच्या घाटात त्यांना गाडी लागते. "अगं, घाटात माझं असं होतं, समुद्रात काय होईल?" हाच त्यांचा प्रश्न. मी म्हटलं, "अक्का, समुद्र सगळीकडं सारखा नसतो." फियॉर्डच्या आत पाणी तळ्यासारखं शांत असतं. अलास्काचा आतला जलमार्गही बेटांच्या आडोशानं जातो. जहाज हलतं ते उघड्या पट्ट्यांत: नॉर्वेत स्टाडचं टोक आणि हुस्टाडविका, नॉर्थ केपच्या पुढं बॅरंट्स समुद्र, अलास्कात व्हँकूव्हरहून थेट उत्तरेकडं जाणारी जहाजं घेतात ते अलास्काचं आखात. हिवाळ्यात हे पट्टे गांभीर्यानं घ्यावेत. २३ मार्च २०१९ ला हुस्टाडविकात वादळामध्ये एका क्रूझ जहाजाची इंजिनं बंद पडली होती आणि शेकडो प्रवाशांना हेलिकॉप्टरनं उचलावं लागलं. मे-जूनमध्ये सहसा तसा प्रसंग येत नाही. अक्कांसाठी आम्ही खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली केबिन घेतली, कारण तिथं हेलकावा सगळ्यांत कमी. डॉक्टरांना विचारून आणलेली गोळी स्टाडच्या आधी दिली. मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही. अक्का रात्रभर झोपल्या.

गुडघ्यांसाठी जहाज सोयीचं, यात शंका नाही. बॅग एकदा उघडायची, लिफ्ट असते, जेवण आणि शौचालय पावलावर. जमिनीवरच्या बस-सहलीत रोज सकाळी सामान बांधायचं, आणि लहान गावांतल्या लाकडी अतिथिगृहांना बऱ्याचदा लिफ्ट नसते. पण एक विचारून घ्या: जहाज धक्क्याला लागणार की खोल पाण्यात उभं राहणार? काही बंदरांत मोठ्या जहाजातून लहान बोटीत उतरून किनाऱ्याला जावं लागतं. बोट हलत असते, मधे फट असते. ज्यांना आधार लागतो त्यांना तिथं जहाजावरच बसून राहावं लागतं, आणि अशी दोन बंदरं असतील तर पैसे फुकट गेल्यासारखं होतं.

जेवणाचं आता बघू, कारण आमच्याकडं निम्मी भांडणं त्यावरून होतात. मोठ्या क्रूझ कंपन्या आगाऊ कळवलं तर भारतीय शाकाहारी जेवण देतात. बुकिंगच्या वेळी लिहून घ्या आणि चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी मुख्य वाढप्याला भेटा. टपाल जहाजावर जेवण स्थानिक असतं, मासळी भरपूर. शाकाहारी ताट मिळतं, पण आपल्या चवीचं नसतं. जहाजावर इलेक्ट्रिक किटली, शेगडी असलं काही चालत नाही, तपासणीत काढून घेतात. ज्यांना स्वतःच्या हातचंच हवं, कांदा-लसूणही चालत नाही, त्यांनी सरळ जमिनीवरची सहल करावी आणि स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं घ्यावं. तिथल्या दुकानांत तांदूळ, मसूर, बटाटे, दही सगळं मिळतं. रात्री मऊ भात आणि आमटी केली की थंडी पळते. इकडून कारळ्याची आणि जवसाची चटणी, शेंगदाण्याचं कूट, मेतकूट, कडक ज्वारीच्या भाकरी न्या. तूप, पेढे, खवा घरीच ठेवा. युरोपात आणि नॉर्वेत बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला मनाई आहे.

व्हिसा आधी, मग पैसे

क्रूझमध्ये सर्वांत जास्त फसगत इथं होते. नॉर्वे, आइसलँड, स्वीडन, फिनलंड, डेन्मार्क हे सगळे शेंगेन व्हिसात, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसात, येतात. पण नॉर्वेच्या पुष्कळ क्रूझ इंग्लंडच्या साउथॅम्प्टनहून सुटतात, म्हणजे ब्रिटनचा वेगळा व्हिसा आला. त्यापेक्षा हॅम्बर्ग, कील किंवा कोपनहेगनहून सुटणारं जहाज बघा. स्वालबार नॉर्वेचं असलं तरी शेंगेनबाहेर आहे. जाऊन परत मुख्य भूमीवर यायचं तर एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा हवा. अलास्काला अमेरिकेचा तर लागतोच, आणि व्हँकूव्हरहून चढणार असाल तर कॅनडाचाही. सिॲटलहून चढलात तरी सुटका नाही: १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यानं परदेशी नोंदणीच्या जहाजाला अशा फेरीत एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं, म्हणून ती जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. अमेरिकेचा व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारा एक रुपयाही भरू नका.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. नांदेड-लातूरकरांनी हैदराबाद आणि पुणे यांपैकी सोयीचं केंद्र बघावं. निदान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण असलेला प्रवास विमा लागतो. क्रूझ असेल तर समुद्रातून हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते वाचा. शेतकरी कुटुंबांची एक अडचण असते, शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून आयकराची विवरणपत्रं नसतात. अशा वेळी सातबारा आणि आठ-अ चे इंग्रजी अनुवाद, आडत्याच्या पट्ट्या आणि त्या पट्ट्यांशी जुळणाऱ्या नोंदी असलेलं बँकेचं स्टेटमेंट द्या. परत येण्याचं कारण म्हणून जमीन हा चांगला पुरावा आहे. खात्यात शेवटच्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम भरू नका, ती संशयास्पद दिसते.

आता दरांचे ते कागद उघडा. क्रूझच्या भाड्यात बंदर-कर, रोजची टिप, इंटरनेट, पेयं आणि किनाऱ्यावरच्या सहली बऱ्याचदा धरलेल्या नसतात. सहलींचा खर्च केबिनच्या भाड्याच्या जवळ जाऊ शकतो. जमिनीवरच्या सहलीत जेवण, स्थानिक बस, सामान ठेवण्याची जागा यांचे पैसे जातात, आणि नॉर्वे-आइसलँडला हॉटेलात जेवणं फार महाग. दोन्हींची बेरीज माणशी, दिवशी अशी काढा. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच वसूल होणारा आगाऊ आयकर, घेतला जातो, तो विवरणपत्र भरून परत मिळवता येतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात, तेही धरा. एकट्या बाईनं किंवा माणसानं प्रवास करायचा तर केबिनला जवळपास दोघांचं भाडं पडतं. अशांना जमीन स्वस्त, नाहीतर ओळखीतली सोबत शोधावी. नॉर्वेच्या टपाल जहाजावर मी बिनखिडकीची केबिन घ्यायला सांगते. मेअखेर रात्रभर उजेड असतो, अंधाऱ्या केबिनमध्ये झोप चांगली लागते, आणि बघायला वर मोठ्या काचांचा हॉल आहेच. वाचलेले पैसे एखाद्या सहलीला लावा. अलास्कात खिडकी असावी. बाल्कनीचा जादा दर मला पटत नाही, हिमनदीसमोर जहाज सावकाश फिरतं आणि त्या वेळी सगळे डेकवरच असतात.

आणि जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी त्या गावात पोचा. परभणीहून हैदराबाद किंवा मुंबई, तिथून आखातातलं किंवा युरोपातलं एक विमानतळ, मग बर्गन किंवा व्हँकूव्हर, एवढ्या टप्प्यांत एक विमान उशिरा आलं तरी साखळी तुटते. बंदरांतही तेच: कंपनीच्या सहलीला गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबतं, स्वतःहून फिरायला गेलात तर थांबत नाही, पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चानं जावं लागतं. त्या आदल्या रात्रीचं हॉटेल कुठल्याच क्रूझच्या दरात नसतं, म्हणून ते हिशोबाच्या कागदावर पहिल्या ओळीत लिहा.